तारे, टक्के आणि नोकरीतील वातावरण

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी मुले जमतात. पूर्वी त्यांच्या बोलण्यात बँकेच्या परीक्षा, रेल्वेची भरती आणि एमपीएससी हेच विषय असत. अलीकडे अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे आणि त्यांचा प्रश्नही बदलला आहे. "काका, या कंपनीला चार पॉइंट दोन तारे आहेत, त्या कंपनीला तीन पॉइंट सहा. पगार सारखाच आहे. कुठे जाऊ?" असे परवा एका मुलाने मोबाईल पुढे करून मला विचारले. मी बँकेतला कारकून. कर्जाचा हप्ता किती येईल हे मी चटकन सांगू शकतो, पण ताऱ्यांचा हिशेब मला ठाऊक नव्हता. म्हणून गेले काही महिने सवडीनुसार वाचन केले. माझा भाचा पुण्यात हिंजवडीला एका संगणक कंपनीत आहे, त्याच्याकडून काही समजून घेतले. त्यातून जे हाती लागले ते सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. या विषयावरील लिखाणात ‘मिलेनियल’ हा शब्द पानोपानी येतो. नील हॉव आणि विल्यम स्ट्रॉस या दोन अमेरिकन लेखकांनी तो रूढ केला. नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यावर जी मुले वयात आली, त्यांची ही पिढी. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्र १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना मिलेनियल मानते. माझा जन्म १९८१ चा. म्हणजे प्रस्तुत लेखकही, डोक्यावरचे केस विरळ झाले असले तरी, याच तरुण पिढीत मोडतो! हे घरी सांगितल्यावर सर्वजण मनापासून हसले. परंतु विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही पिढी आता तिशी ते पंचेचाळिशीत आहे. ती कंपनीत नवखी राहिलेली नाही. पुष्कळ ठिकाणी तीच गटप्रमुख झाली आहे, आणि आज शिकून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांचे साहेब याच पिढीतले असणार आहेत.

आता गुण देण्याची पद्धत पाहू. नोकरीचे ठिकाण चांगले की वाईट हे नोकरालाच विचारावे, ही कल्पना फार जुनी नाही. रॉबर्ट लेव्हरिंग आणि मिल्टन मॉस्कोविट्झ या दोन पत्रकारांनी १९८४ साली अमेरिकेतील नोकरीसाठी उत्तम अशा शंभर कंपन्यांवर एक पुस्तक लिहिले. त्यातून पुढे ‘ग्रेट प्लेस टू वर्क’ ही संस्था उभी राहिली, आणि १९९८ पासून ‘फॉर्च्यून’ हे मासिक दरवर्षी अशा शंभर कंपन्यांची यादी छापू लागले. आज ही संस्था भारतासह अनेक देशांत काम करते. तिने तिशी-चाळिशीतल्या नोकरदारांच्या मतावरून वेगळ्या याद्याही काढल्या आहेत.

संस्थेच्या प्रश्नावलीत सुमारे साठ विधाने असतात. साहेब दिलेला शब्द पाळतात, येथे बढत्या लायक माणसालाच मिळतात, मी इथे जसा आहे तसा वागू शकतो, अशा धर्तीची. प्रत्येक विधानापुढे एक ते पाच यांपैकी एक आकडा निवडायचा असतो. एक म्हणजे हे जवळपास कधीच खरे नसते, पाच म्हणजे जवळपास नेहमी खरे असते. ज्यांनी चार किंवा पाच निवडले, त्यांचे शेकडा प्रमाण काढतात. विधानांचे पाच गट आहेत. वरिष्ठांची विश्वासार्हता, माणसाला मिळणारा आदर, न्याय्य वागणूक, कामाचा अभिमान आणि सहकाऱ्यांशी स्नेह. पहिल्या तीन गटांत मिळून नोकर आणि मालक यांच्यातील विश्वास मोजला जातो.

मोबाईलवरचे तारे याहून वेगळे. ग्लासडोअर हे संकेतस्थळ २००८ साली सुरू झाले. आपल्याकडे अँबिशनबॉक्स आहे. तेथे कोणीही आपले नाव न देता आपल्या कंपनीविषयी लिहितो आणि एक ते पाच तारे देतो. कंपनीने वाटलेल्या प्रश्नावलीत निदान सर्वांना विचारलेले असते, येथे ज्याला वाटते तोच लिहितो. नोकरी सोडताना भांडण झालेला मनुष्य लिहितो, नुकता लागलेला आणि आनंदात असलेलाही लिहितो. मधला, रोज आठ तास मुकाट्याने काम करणारा, बहुधा लिहीत नाही. म्हणून चाळीस-पन्नास जणांनी दिलेल्या ताऱ्यांवर भविष्य ठरवू नये. तेथील लेखी मजकूर मात्र वाचावा. दहा अनोळखी माणसे वेगवेगळ्या वर्षी एकाच गटाविषयी एकच तक्रार करीत असतील तर ती योगायोगाने होत नाही.

तरुण नोकरदार कशावर गुण देतात? खेळाचे टेबल, फुकट कॉफी, शुक्रवारचा समारंभ यांची छायाचित्रे जाहिरातीत असतात, पण गुण त्यावर ठरत नाहीत. गूगल कंपनीने २०१२ च्या सुमारास आपल्याच सुमारे १८० कार्यगटांचा अभ्यास केला. काही गट उत्तम काम करतात आणि तितक्याच हुशार माणसांचे दुसरे गट का अडखळतात, हे शोधायचे होते. उत्तर असे निघाले की गटात कोण आहे यापेक्षा गटात कसे वागतात हे महत्त्वाचे, आणि त्यातही सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘मी चूक कबूल केली, शंका विचारली किंवा वेगळे मत मांडले तर माझी टर उडवली जाणार नाही’ ही खात्री. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी ही कल्पना १९९९ सालच्या आपल्या निबंधात मांडलेली होती. मराठीत आपण तिला मनाची निर्धास्तता म्हणू.

हे वाचताना मला आमच्या शाखेतले माझे पहिले वर्ष आठवले. दिवसअखेर माझ्या काउंटरवर तेराशे रुपये कमी आले होते. हेड कॅशियरांनी आवाज न चढवता शेजारी बसवून पाऊण तासात फरक शोधून दिला. नोटांचे एक बंडल मोजण्यात माझीच चूक झाली होती. त्या गृहस्थांच्या हाताखाली मी पुढे कधीही चूक लपवली नाही. नंतर दुसऱ्या शाखेत असे साहेब भेटले की ज्यांच्यासमोर साधी शंका विचारायला सर्व जण घाबरत. बँक एकच, पगार एकच, नियमपुस्तक एकच. परंतु मला कोणी पाचपैकी आकडा विचारला असता तर दोन शाखांचे दोन वेगळे आकडे दिले असते. म्हणून ‘कंपनीची कार्यसंस्कृती’ हा शब्दप्रयोग मला थोडा फसवा वाटतो. माणसाला जे भेटते ते त्याच्या गटाचे वातावरण असते.

आणि नेमके हेच सरासरीत बुडून जाते. गूगल २०१२ ते २०१७ अशी सलग सहा वर्षे फॉर्च्यूनच्या यादीत पहिली होती. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच कंपनीचे जगभरचे सुमारे वीस हजार कर्मचारी कामाची जागा सोडून बाहेर आले, कारण लैंगिक छळाच्या तक्रारी कंपनीने ज्या रीतीने हाताळल्या त्याविषयी त्यांच्या मनात संताप होता. पहिला क्रमांक खोटा होता असे मी म्हणत नाही. बहुसंख्य लोकांना कंपनी खरोखरच आवडत असेल. परंतु ज्या गोष्टीने ती माणसे रस्त्यावर आली, तिची जाणीव त्या क्रमांकावरून कोणालाही झाली नसती.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मात्र सिस्को या कंपनीचे आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. संगणकांचे जाळे जोडणारी यंत्रे बनवणारी ही कंपनी १९८४ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिचे मुख्यालय सॅन होजे येथे आहे आणि बंगळूरला मोठे केंद्र आहे. भारतीय अभियंते तेथे फार मोठ्या संख्येने आहेत. २०१९ साली ग्रेट प्लेस टू वर्कच्या जागतिक यादीत सिस्को पहिली आली. पुढे २०२१, २०२२ आणि २०२३ अशी तीन वर्षे ती फॉर्च्यूनच्या अमेरिकेतील यादीतही पहिली होती.

या दोन्हींच्या मध्ये, ३० जून २०२० रोजी, कॅलिफोर्निया राज्याच्या रोजगार व निवास हक्क खात्याने याच कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. दावा जातिभेदाचा होता. एका दलित अभियंत्याच्या वतीने खात्याचे म्हणणे असे होते की, सॅन होजे येथील त्याच्या गटात सर्व भारतीय, आणि बहुतेक उच्चवर्णीय होते. गटप्रमुख आणि हा अभियंता एकाच काळात आयआयटीत शिकलेले. हा आरक्षणातून आला आहे हे गटप्रमुखाने इतरांना सांगितले, असा आरोप होता. अभियंत्याने नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीकडे अंतर्गत तक्रार केली. त्यानंतर त्याला एकटे पाडले गेले आणि त्याच्या जबाबदाऱ्या काढून घेतल्या गेल्या, असेही खात्याने म्हटले. कंपनीने चौकशी केली, पण तिला नियमभंग आढळला नाही. कंपनीने न्यायालयातही आरोप नाकारले.

दाव्याचा प्रवास सरळ झाला नाही. त्याच वर्षी खात्याने तो संघीय न्यायालयातून काढून राज्याच्या सँटा क्लारा येथील न्यायालयात नेला. एप्रिल २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरील व्यक्तिगत दावा खात्याने स्वतःहून मागे घेतला, कंपनीवरील दावा तेव्हा कायम ठेवला. त्या दोघांवरील आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत, हे आपणही बोलताना ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्यावर झालेल्या खोट्या आरोपांची झळ आपल्याला माहीत आहे, तेव्हा दुसऱ्याविषयी पुराव्याबाहेर बोलणे आपल्याला शोभत नाही.

परंतु आपला प्रश्न निराळा आहे. एकाच कंपनीला एकाच काळात पहिला क्रमांक मिळतो आणि तिच्यावर असा दावाही दाखल होतो, हे कसे? याचे उत्तर बरेचसे अंकगणितात आहे. समजा, एका कंपनीत एक हजार नोकर आहेत. ‘येथे सर्वांना न्यायाने वागवतात’ या विधानाला शेकडा नव्वद लोक होकार देतात. म्हणजे नऊशे. आता समजा त्या हजारांत आपली वीस माणसे आहेत आणि त्या विसांतील एकालाही न्याय मिळत नाही. उरलेल्या ९८० पैकी नव्वद टक्के, म्हणजे ८८२ जण होकार देतील. कंपनीचा आकडा ९० वरून ८८.२ वर येईल. दोन टक्केसुद्धा नाही. पत्रक वाचणाऱ्याला वाटेल, यंदा पावसाळ्यात कॅन्टीन बंद होते म्हणून थोडा फरक पडला असेल. वीस माणसांचे सगळे दुःख त्या पावणेदोन टक्क्यांत मावते.

बरे, त्या विसांचा वेगळा आकडा काढावा तर तसा रकाना नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीतील भेदभावाची कारणे म्हणून वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ ही पाच नावे आहेत. जातीचे नाव नाही. कंपन्या सरकारला कर्मचाऱ्यांचे जे विवरणपत्र देतात त्यात वंश आणि लिंग यांचे रकाने आहेत. भारतातून गेलेला प्रत्येक जण तेथे ‘आशियाई’. गटप्रमुख आशियाई, तक्रारदारही आशियाई. हिशेबाच्या वहीत रकानाच नसेल तर ती नोंद होणार कुठे, हे कारकुनाला समजावून सांगावे लागत नाही.

रकाना केला तरी अडचण संपत नाही. इक्वॅलिटी लॅब्ज या संस्थेने अमेरिकेतील दक्षिण आशियाई लोकांची पाहणी करून २०१८ साली अहवाल काढला. त्यात भाग घेतलेल्या दलितांपैकी ६७ टक्क्यांनी कामाच्या ठिकाणी जातीमुळे अन्यायाची वागणूक मिळाल्याचे सांगितले. पुढे कार्नेगी संस्थेने २०२० साली बाराशे भारतीय अमेरिकनांची पाहणी केली, तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. त्यात जातीवरून भेदभाव अनुभवल्याचे केवळ ५ टक्क्यांनी सांगितले. दोन्ही आकडे आज वादात एकमेकांच्या अंगावर फेकले जातात. पण बारकाईने पाहावे. पहिल्या पाहणीत लोक स्वतःहून, संघटनांच्या ओळखीतून आले होते, त्यामुळे तो आकडा सर्व दलितांना जसाच्या तसा लावता येत नाही. हे मान्य केलेच पाहिजे. दुसरी पाहणी नमुना नीट निवडून केलेली, परंतु तिच्यात ज्या हिंदूंनी जात सांगितली त्यांपैकी दहांत आठांहून अधिक जण खुल्या किंवा उच्च जातीचे होते. ज्यांना जातीचा चटका बसण्याचे कारणच नाही, त्यांना विचारून काढलेला तो पाच टक्क्यांचा आकडा आहे. पहिला आकडा विचारतो की दलितांना काय भोगावे लागते, दुसरा विचारतो की सर्व भारतीयांत मिळून किती जणांना भोगावे लागते. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरेही दोन आहेत.

शिकलेल्या माणसाला कचेरीत काय वाटते, हे आपल्याला नवे नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. त्या कचेरीला त्या वर्षी कोणी गुण द्यायला सांगितले असते तर इतर सर्व कारकुनांनी पाचपैकी पाचच दिले असते.

सिस्कोच्या दाव्यानंतर काही हालचाल जरूर झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सिस्को अशा कंपन्यांत काम करणाऱ्या तीस दलित स्त्री अभियंत्यांनी नावे न देता एक निवेदन काढले आणि आपले अनुभव जगापुढे ठेवले. ॲपलने आपल्या नियमावलीत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. आयबीएमच्या भारतातील नियमांत तो होता, तो तिने जगभरच्या नियमांत घातला. फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारे सिअ‍ॅटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत या जन्माने पुण्याच्या. कॅलिफोर्निया विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी, सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून, त्यावर सही करण्याचे नाकारले.

तेव्हा अभ्यासिकेतल्या त्या मुलाला मी काय सांगितले? तारे बघ, पण तेवढ्यावर थांबू नकोस. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात, तेव्हा आपली मुले संकोचाने नाही म्हणतात. तेथे विचारावे की बढती कोण ठरवतो, त्याचे निकष लेखी आहेत का, तक्रार गटप्रमुखाविरुद्ध असेल तर ती कोणाकडे जाते. उत्तर देणारा अडखळला तर तेही एक उत्तरच. कंपनीची नियमावली मिळाली तर भेदभावाच्या कलमात जात हा शब्द आहे का ते पाहावे. आपल्यातले कोणी तेथे आधी गेले असेल तर त्याला फोन करावा. आणि मोठ्या क्रमांकाला नोकरीची हमी समजू नये. त्याच सिस्कोने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे पाच टक्के माणसे कमी केली.

राहिला प्रश्न आपण स्वतः प्रश्नावली कशी भरतो याचा. आमच्या बँकेत एकदा असे पत्रक आले तेव्हा चहाच्या वेळेत सगळ्यांनी ओळीने पाच-पाच लिहून टाकले, मीही लिहिले. माझ्या भाच्यानेही पहिल्या वर्षी तेच केले. खरे तर रुजू झाल्याच्या आठवड्यातच त्याला गटातल्या एकाने आधी आडनाव, मग गाव, मग प्रवेश परीक्षेतला क्रमांक आणि शेवटी ‘कॅटेगरी’ विचारली होती. तेव्हापासून जेवायला कोण कोणाबरोबर बसते ते बदलले. मी रागावून म्हणालो, "मग पाच का दिलेस?" तो म्हणाला, "मामा, आमच्या गटात सहा माणसं. फॉर्मवर शहर, गट, किती वर्षं झाली, सगळं भरायचं. नाव नाही लिहिलं तरी कोण ते कळतंच ना." पुष्कळ ठिकाणी पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवत नाहीत, त्यामागे हीच काळजी असते. पण सहा माणसांच्या गटात नवा माणूस एकच असेल तर त्या काळजीचा काय उपयोग? मला त्यावर काही बोलता आले नाही. त्याच्या पगारावर बहिणीच्या घराचा हप्ता जातो, हे मला माहीत आहे, कारण तो हप्ता आमच्याच बँकेत जमा होतो.

यंदाची प्रश्नावली त्याला दिवाळीनंतर आली. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, न्यायाच्या रकान्यात यंदा तीन दिले."

"आणि खाली मोकळी चौकट असते, तिथे?"

"लिहिलं. बढतीची यादी कशी ठरते ते सगळ्यांना लेखी कळवा, एवढंच. गटात अजून दोघांनी तेच लिहायचं ठरवलंय, त्यातला एक देशपांडे आहे."